पुडीतली लापशी आणि जोंधळ्याची लाही

तेलंगणात हिवाळ्याचे नीचांकी तपमान कोठे नोंदले गेले, असे विचारले असता पुष्कळदा उत्तर येते ते आपल्या आदिलाबाद जिल्ह्याचे. पौष-माघात गुडीहत्नूरच्या शिवारावर सकाळी धुके उतरलेले असते, महामार्गावरील मालमोटारी दिवे लावून जात असतात, आणि अशा वेळी शाळेस निघालेल्या मुलाच्या पोटात काही तरी ऊन ऊन पडावे असे प्रत्येक घरात वाटते. परंतु तेच दिवस कापसाच्या वेचणीचे. आई-वडील दोघेही लवकर रानात जावयाचे. चूल पेटवून भाकरी होईपर्यंत थांबण्यास कोणास सवड नसते. परिणामी पुष्कळ मुले चहात दोन बिस्किटे बुडवून, आणि कित्येक तर तेवढेही न घेता वर्गात येऊन बसतात. तिसऱ्या तासाला त्यांचे लक्ष फळ्यावर नसते. ज्या पोटात आदल्या रात्रीपासून अन्न गेलेले नाही, त्या मुलास भूमितीतील प्रमेय समजत नाही, हा त्याच्या बुद्धीचा दोष नव्हे.

या अडचणीवर बाजाराने एक तोड काढली आहे. किराणा दुकानात हल्ली रंगीत पुड्या टांगलेल्या दिसतात. त्यांत ओट नावाच्या धान्याचा पातळ चुरा असतो. कोणास फळांचा स्वाद, कोणास मसाल्याचा. पुडी वाटीत रिकामी करावी, वर उकळते पाणी ओतावे, तीन मिनिटे झाकून ठेवावी, की लापशी तयार! सोय मोठी आहे, यात शंका नाही. मात्र ही सोय नेमकी कशात आहे, ती घरी साधता येईल काय, आणि त्यासाठी परदेशी धान्यच हवे काय, हे तीन प्रश्न विचारण्यासारखे आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम ओटाविषयी. हे थंड व दमट हवेचे धान्य होय. स्कॉटलंड, फिनलंड, रशिया, कॅनडा या देशांत ते उत्तम पिकते. उत्तर भारतात त्यास जई म्हणतात व त्याची लागवड मुख्यतः जनावरांच्या वैरणीसाठी होते. आपल्या काळ्या कपाशीच्या जमिनीत धान्य म्हणून ते कोणी पेरीत नाही. या धान्यात इतर तृणधान्यांच्या मानाने स्निग्धांश अधिक असतो, व तो लवकर खवट होण्याची भीती असते. म्हणून कारखान्यात ते सोलल्याबरोबर वाफवतात. वाफेने खवटपणा आणणारे द्रव्य निकामी होते. नंतर ते वाफाळलेले दाणे लोखंडी रुळांतून चेपून काढतात. अखंड दाणा चेपला तर जाड पोहे मिळतात, ते शिजण्यास वेळ घेतात. दाण्याचे तुकडे करून अधिक पातळ चेपले, तर लवकर शिजतात. अधिकच शिजवून, अत्यंत पातळ करून वाळवले, म्हणजे नुसत्या उकळत्या पाण्याने भिजणारा ओट होतो. अमेरिकेत लवकर शिजणारा ओट 1922 साली बाजारात आला आणि केवळ पाणी ओतून होणारा 1966 साली. म्हणजे ही युक्ती फार जुनी नाही, असे कोणास वाटेल. पण थांबा!

ही युक्ती समजून घेण्यासाठी धान्याच्या दाण्यात थोडे डोकावले पाहिजे. ज्वारी, तांदूळ, गहू, ओट या सर्वांत मुख्य भाग असतो तो पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा. हे पिष्ट सूक्ष्म कणांच्या रूपात घट्ट रचलेले असते. थंड पाण्यात कच्चे पीठ कालवले तर ते तळाशी बसते, कारण पाणी त्या कणांत शिरू शकत नाही. पाणी तापवीत नेले, की साधारण 70 अंश सेल्सिअसच्या आसपास या कणांची वीण सुटू लागते; ते पाणी पिऊन फुगतात, फुटतात, आणि पातळ मिश्रण दाटसर होते. यालाच आपण पीठ शिजणे म्हणतो. आता मौज अशी, की एकदा शिजलेले हे पिष्ट लगेच वाळवले, तर त्याची जुनी घट्ट वीण बहुतांशी परत येत नाही. ते पुढे केव्हाही पाणी मिळताच भराभर पिते. सारांश, झटपट लापशीत स्वयंपाक टळलेला नसतो. तो आधीच कोणी तरी करून ठेवलेला असतो.

हे एकदा ध्यानात आले म्हणजे आपल्या स्वयंपाकघराकडे नव्या दृष्टीने पाहता येते. पोहे म्हणजे काय? साळी भिजवून, तापवून, कांडून चपटी केलेली. पातळ पोहे दुधात घातले की शिजविल्यावाचून खाता येतात, ते याच न्यायाने. ओटाचे जे रुळांखाली होते तेच आपल्या साळीचे मुसळाखाली शतकानुशतके होत आले आहे. सातूचे पीठ घ्या. गहू ओलवून, सडून, भाजून त्यात भाजलेले डाळे मिसळून दळतात, सुंठ-वेलची घालतात, आणि गुळाच्या पाण्यात किंवा दुधात कालवून न शिजविता खातात. सक्तु हा शब्द तर वेदकालीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चाळणीने चाळलेल्या सक्तूची उपमा शुद्ध केलेल्या वाणीला दिलेली आहे. मेतकूट ही याच कुळातील गोष्ट. आणि या सर्वांत, आपल्या गावाच्या दृष्टीने, मानाचा पाट द्यावयाचा तो जोंधळ्याच्या लाहीला.

लाही कशी फुटते हे पाहण्यासारखे आहे. ज्वारीच्या दाण्याचे साल कठीण असते व आत थोडा ओलावा असतो. दाणा एकाएकी खूप तापला म्हणजे आतील पाण्याची वाफ होते, पण साल तिला वाट देत नाही. दाब वाढत जातो. आतील पिष्ट त्या वाफेतच शिजते. आणि साधारण 180 अंशांच्या पुढे साल फाटून ते शिजलेले पिष्ट बाहेर उसळते व क्षणात वाळते. शिजविणे, फुलविणे व वाळविणे या तिन्ही क्रिया डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरकतात. परदेशी कारखान्यात ज्या कामासाठी वाफेची पात्रे, रूळ व भट्ट्या लागतात, ते काम येथे एका लोखंडी कढईत होते! लाही दळली की तयार होणारे पीठ थंड ताकातही भिजते. झटपट लापशीसाठी यापेक्षा अधिक काय हवे?

आपल्या भागात याची आठवण करून देणारे दोन सण पाठोपाठ येतात. आषाढ शुद्ध एकादशीस, जिला आपले तेलुगू शेजारी तोली एकादशी म्हणतात, त्यांच्या घरी ‘पेलाल पिंडी’ करण्याची चाल आहे. पेलालु म्हणजे लाह्या व पिंडी म्हणजे पीठ. ज्वारीच्या अगर मक्याच्या लाह्या दळून त्यांत गूळ व वेलदोडा मिसळतात. त्याच दिवशी मराठी घरांतून धान्याचा कणही पोटात न घालण्याचा उपवास चाललेला असतो, ही एक गंमतच. पुढे तीन-साडेतीन आठवड्यांनी नागपंचमी येते आणि आपल्याकडे लाह्या फुटू लागतात. म्हणजे एकाच गल्लीत तेच पक्वान्न दोन तिथींना, दोन भाषांत होत असते. दोष एवढाच, की ते वर्षातून एकेक दिवस होते. जे सणाला करता येते ते महिन्याला करावे, अशी या लेखाची साधी सूचना आहे.

ज्वारी ही आदिलाबादच्या मातीतील जुनी रहिवासी आहे. गोंडांच्या, मराठ्यांच्या, तेलुगू कुणब्यांच्या घरी भाकरी, आंबील व कण्या या रूपांनी तिने पिढ्यान् पिढ्या पोट भरले. पुढे चित्र पालटले. कपाशीने रान व्यापले. 1983 साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ देण्यास आरंभ केला. गरिबाच्या घरी दोन वेळा चूल पेटू लागली, हे त्या योजनेचे श्रेय नाकारता येणार नाही. पण त्याबरोबर भाकरीच्या जागी भात आला, आणि ज्वारी ही जुन्या माणसांची किंवा मधुमेही माणसांची वस्तू ठरली. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे 8 ग्रॅम प्रथिने व तीन ग्रॅमहून थोडा कमी तंतुमय भाग असतो; तेवढ्याच ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिने आणि तंतुमय भागही तितकाच, शिवाय लोह सुमारे 4 मिलिग्रॅम. ओटाच्या पोह्यांत प्रथिने सुमारे 13 ग्रॅम व तंतू ज्वारीइतकेच. ओटाचा एक विशेष गुण मात्र प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. त्यातील बीटा-ग्लुकन नावाचा चिकट तंतू रोज 3 ग्रॅमपर्यंत पोटात गेला, तर रक्तातील कोलेस्टेरॉल काही प्रमाणात उतरते. हे दीर्घ अभ्यासान्ती मान्य झाले आहे. हा गुण ज्वारीत त्या मानाने नाही. तेव्हा घरातील ज्या वडील माणसास वैद्याने ओट खाण्यास सांगितले असेल, त्यांनी ते अवश्य खावेत. पण शाळकरी मुलाच्या सकाळच्या भुकेसाठी ओटावाचून अडते असे मुळीच नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. मुलांनी, विशेषतः मुलग्यांनी, हा भाग केवळ वाचून सोडू नये.

लाह्यांसाठी ज्वारी निवडून घ्यावी लागते, कारण प्रत्येक वाणाचा दाणा सारखा फुलत नाही. बारीक, कठीण, भरीव दाणा चांगला. आठवडी बाजारात ‘लाह्यांची ज्वारी’ असे म्हटल्यास जुना दुकानदार बरोबर ओळखतो. शंका असल्यास मूठभर आणून आधी घरी फोडून पाहावी. साधारण साडेसहाशे ग्रॅम ज्वारी निवडून घ्यावी. तिच्यावर उकळते पाणी ओतून एक-दोन मिनिटांतच निथळावे, ओल्या फडक्यात बांधून रात्रभर ठेवावी, आणि सकाळी फडक्यावर पसरून वरचे पाणी सुकू द्यावे. दाण्याचे अंग कोरडे व पोट किंचित ओले, अशी ही स्थिती. फार ओला राहिल्यास दाणा फुलण्याऐवजी नुसता भाजतो. अगदी कोरडा असल्यास वाफच होत नाही व दाणा करपतो. लोखंडी कढई चांगली तापली की मूठ-मूठ दाणे टाकावेत आणि सुती कापडाच्या बोळ्याने झपाझप फिरवावेत. लाह्या उडतात, म्हणून वर जाळीचे झाकण धरावे. आणि हे काम लहान मुलांनी एकट्याने करू नये. न फुटलेले दाणे, ज्यांना आपण गणंग म्हणतो, ते चाळून वेगळे काढावेत. ते पिठात राहिल्यास दाताखाली खडा लागावा तसे लागतात. कोंबड्या त्यांच्यावर प्रसन्न असतात.

अशा 500 ग्रॅम लाह्यांचे मिश्रकात किंवा गिरणीत रवाळ पीठ करावे. त्यात 150 ग्रॅम डाळे, 100 ग्रॅम भाजून सोललेले शेंगदाणे आणि 50 ग्रॅम भाजलेले तीळ यांची भरड मिसळावी. डाळे घालण्याचे कारण केवळ चव नव्हे. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हा घटक कमी पडतो, आणि तो हरभऱ्यात भरपूर असतो. एकाचे उणे दुसरा भरून काढतो. भाकरीबरोबर पिठले खाण्याच्या आपल्या रीतीत हेच शहाणपण दडलेले आहे. गणिताची आवड असलेल्यांनी हिशोब करून पाहावा: लाह्यांतून सुमारे 50 ग्रॅम प्रथिने, डाळ्यांतून 33, शेंगदाण्यांतून 24 व तिळांतून 9, म्हणजे एकूण 116. मिश्रणाचे वजन 800 ग्रॅम. एका वेळेस 40 ग्रॅम घेतले, म्हणजे चार चमचे भरून, तर 20 वेळच्या न्याहाऱ्या होतात व प्रत्येकीत 6 ग्रॅमच्या जवळपास प्रथिने येतात. दीडशे मिलिलीटर दूध घातले तर आणखी 5 ग्रॅम. शाळकरी मुलाच्या एका न्याहारीला हे बरेच झाले. याच पद्धतीने दुकानातील पुडीचा भाव व घरच्या पिठाचा भाव शंभर ग्रॅमला काढून शेजारी-शेजारी लिहावा. आकडे प्रत्येक बाजारात निराळे येतील, म्हणून ते येथे देत नाही.

खाण्याच्या वेळी प्रथम पीठ वाटीत घेऊन दोन-तीन चमचे गार पाण्यात किंवा दुधात सारखे कालवावे आणि मगच ऊन दूध ओतावे. एकदम उकळते दूध ओतल्यास गुठळ्या होतात, कारण पिठाच्या गोळ्याचे बाहेरचे अंग क्षणात चिकट होऊन आत पाण्यास वाट देत नाही. दोन-तीन मिनिटे झाकून ठेवले की लापशी दाटते. येथे एक भेद सांगितला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी लाहीऐवजी ज्वारीचे साधे पीठ कोरडे भाजून डब्यात भरतात व त्यावर ऊन दूध ओततात. त्याला वास सुरेख येतो, पण ते कच्चट लागते, आणि कधी पोटही दुखते. कारण उघड आहे: कोरड्या भाजण्यात पाणी नाही, आणि पाण्यावाचून पिष्टाची वीण सुटत नाही. असे पीठ भाजलेले असते, शिजलेले नसते. ते वापरावयाचे तर पाच-सात मिनिटे चुलीवर शिजविलेच पाहिजे.

ज्यांच्या घरी ओट येतातच, त्यांनी स्वादाची पुडी आणण्यापेक्षा साधे, लवकर शिजणारे ओट सुटे आणावेत. 400 ग्रॅम ओट मंद आचेवर सात-आठ मिनिटे परतावेत. त्यांतील शंभर ग्रॅम बारीक दळून उरलेल्यांत मिसळावेत. ही पूडच लापशीला दाटपणा देते. सगळे अखंड राहिले तर पाणी वेगळे व ओट वेगळे होतात. त्यात शंभर ग्रॅम दुधाची भुकटी, 50 ग्रॅम खारकेची पूड व अर्धा चमचा मीठ घातले की सुमारे अकरा वेळचे मिश्रण तयार होते. पन्नास ग्रॅम मिश्रणास एक मोठी वाटी, म्हणजे 200 मिलिलीटर, उकळते पाणी पुरते. ओट कारखान्यात आधीच वाफवलेले असल्याने येथे परतण्याचा उपयोग सुगंधापुरता व ओल घालविण्यापुरता आहे, हे लक्षात ठेवावे.

स्वादाच्या बाबतीत पुडी करणाऱ्याजवळ बाटलीतील अर्क असतात. आपल्याजवळ त्याहून चांगल्या वस्तू आहेत. सुंठ आणि गूळ यांची जोडी थंडीत उत्तम. वेलदोडा व खारीक मुलांना आवडते. आपल्या जंगलांत चारोळी होते, ती थोडी भाजून टाकल्यास लापशीस श्रीमंती येते. मोहाची वाळलेली फुले निवडून, धुऊन, पुन्हा वाळवून व भाजून केलेली पूड स्वभावतःच गोड असते; ती घातल्यास गूळ अर्ध्याने कमी करता येतो. मोहाचे नाव काढताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे दारूच येते, हा त्या बिचाऱ्या फुलावर अन्याय आहे. उटनूरच्या बाजूस आदिवासी स्त्रिया मोहाचे लाडू करून विकतात आणि त्यांची ख्याती जिल्ह्याबाहेर गेली आहे. तिखटाची आवड असेल तर जिरे, हळद, वाळलेल्या कढीपत्त्याचा चुरा, मीठ व दोन चमचे मेतकूट लाह्यांच्या पिठात मिसळून ठेवावे आणि दुधाऐवजी ताकात कालवावे. चैत्र-वैशाखात, जेव्हा सकाळी आठालाच ऊन भाजू लागते, तेव्हा हीच न्याहारी बरी. चूल पेटविण्याचे कारणच नाही.

गोडीविषयी थोडे सावध राहावे. परदेशात मिळणाऱ्या स्वादिष्ट ओटाच्या काही पुड्यांत 43 ग्रॅम वजनापैकी सुमारे 12 ग्रॅम साखरच असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असावी आणि जमल्यास त्याच्याही निम्मी, म्हणजे मोठ्या माणसास साधारण 25 ग्रॅम. न्याहारीतच तिचा अर्धा वाटा संपला तर दिवसभराच्या चहाचे काय? गूळ म्हणजे साखर नव्हे अशी एक सोयीची समजूत आहे. गुळात थोडी खनिजे अधिक, पण गोडी तीच. घरच्या पिठाचा लाभ असा, की चमचा आपल्या हातात असतो. आणि हो, न्याहारीबरोबर चहा नको. चहातील तुरट द्रव्य धान्यातील लोह आतड्यात शोषू देत नाही. उलट ताकातल्या लाहीवर लिंबू पिळले, किंवा सोबत आवळा अगर पेरू खाल्ला, तर तेच लोह अधिक अंगी लागते. वाढत्या वयाच्या मुलींच्या रक्तात लोहाची उणीव सर्वत्र आढळते, म्हणून हा एवढासा तपशील मी मुद्दाम सांगत आहे.

घरात तान्हे मूल असेल तर आणखी काही नियम पाळावे लागतात. सहा महिने पूर्ण होईपर्यंत त्यास आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, मग पीठ कितीही पौष्टिक असो. त्यानंतर लापशी द्यावयाची ती बारीक चाळलेली, पाणी किंवा दूध उकळून केलेली व ताजी. मीठ, साखर शक्य तो नको, आणि एक वर्षाच्या आत मध तर मुळीच नको. शेंगदाण्याचा अखंड तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, तेव्हा पूडच वापरावी. धान्यास मोड आणून, वाळवून, भाजून केलेले सत्त्व तान्ह्यास मानवते, कारण मोड येताना दाण्यात पिष्ट विरघळविणारे द्रव्य निर्माण होते. लापशी पातळ राहूनही तीत धान्य अधिक मावते, आणि इवल्या पोटात अधिक अन्न जाते. पण हे नाचणीचे किंवा गव्हाचे करावे, ज्वारीचे करू नये. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विषारी द्रव्य असते, त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. कोवळी ज्वारी खाऊन जनावरास ‘किरळ लागते’ व ते दगावते, हे आपल्याकडील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. गाईस जे बाधते ते मोडाच्या रूपाने बाळास देऊ नये. न मोडलेल्या ज्वारीच्या लाहीत हे भय नाही.

तयार मिश्रणाचा खरा शत्रू ओल होय. वाळलेले, शिजलेले पिष्ट पाण्यासाठी इतके आतुरलेले असते, की ते हवेतील दमटपणाही ओढून घेते. म्हणून डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा व कोरडा असावा, आणि त्यात ओला चमचा कधीही जाऊ नये. गूळ मिश्रणात न घालता वाटीतच घालावा हे उत्तम. तो स्वतःच पाणी धरतो. आधीच घालावयाचा असल्यास किसून उन्हात कडक वाळवावा. दाणे-तीळ घातलेले पीठ थंडीत महिनाभर, पावसाळ्यात पंधरा दिवस, याहून अधिक ठेवू नये. त्यांचे तेल खवट होते. शेंगदाणे निवडताना काळपट, आकसलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निर्दयपणे फेकावेत. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृतास घातक विष असते, आणि भाजल्याने ते पूर्ण नाहीसे होत नाही. चार दाणे वाचवावयाचे म्हणून सगळा डबा नासवू नये.

हे काम केवळ एका घरापुरते राहिले पाहिजे असे नाही, याचे उदाहरण जवळच आहे. गुडीहत्नूरहून जो रस्ता इंद्रवेल्लीवरून उटनूरला जातो, त्या उटनूर येथील एकात्मिक आदिवासी विकास संस्था आणि हैदराबादजवळ पटनचेरू येथे 1972 साली स्थापन झालेली ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्था यांनी 2017 च्या सुमारास ‘गिरी पोषण’ नावाचा उपक्रम हाती घेतला. अंगणवाडीतील मुलांसाठी व मातांसाठी ज्वारी, इतर भरड धान्ये, डाळी व शेंगदाणे यांपासून तयार मिश्रणे बनवावयाची, आणि तीही आदिवासी स्त्रियांच्याच हातून, अशी ती कल्पना. त्याआधीपासून हैदराबादच्या नाचारम येथील सरकारी कारखान्यातून ‘बालामृतम्’ अंगणवाड्यांत येत असते. भाजलेला गहू, हरभरा, दुधाची भुकटी, साखर व तेल यांचे ते पीठ असून सात महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांसाठी आहे. ते पुडके पाहिले म्हणजे ध्यानात येते, की हा सातूचाच एक सुधारलेला नातू होय. ज्यांच्या घरी ते येते, त्यांनी ते बाळालाच द्यावे. घरातील मोठ्या मुलांनी चमच्या-चमच्याने संपवू नये. मोठ्यांसाठी लाह्यांचा डबा आहे.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी एकदम साडेसहाशे ग्रॅमचा घाट न घालता पाव किलो ज्वारीने आरंभ करावा. पहिल्या खेपेस अर्धे दाणे गणंग राहिले तर कढई पुरेशी तापली नव्हती, किंवा दाणा फार ओला होता, असे समजावे. ते गणंगही वाया जात नाहीत. दळून, ताकात रात्रभर भिजवून सकाळी शिजविले, की त्यांची आंबील होते, आणि ती कोंबड्यांना घालण्याआधी एकदा चाखून पाहावी.